झोपलेले सूर

१

टक्. सगळे गप्प बसले होते. त्यात पेटीची खिटी निघाल्याचा तेवढा एक आवाज झाला आणि मांडीवरची माझी लेक मरिया दचकून मला चिकटली.

आबांची, माझ्या वडिलांची, वाजवायची पेटी तेरा वर्षांनी उघडत होती. चौतीस सालच्या उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, आबा गेले, तेव्हापासून ती आईच्या कोपऱ्यात, तिच्याच जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेली होती. आईनं तिला कुणाचा हात लागू दिला नाही. आता पुण्याची सिनेमा कंपनी आबांवर 'योहान मास्तर' नावाचा बोलपट काढत होती. त्यांना खरीच पेटी हवी होती. आईनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. "मी नसताना काय ते करा," म्हणाली आणि हरभरा उपटायला मळ्यात गेली.

पेटीपुढं गहिनीदादा बसले होते. गहिनीनाथ म्हणजे आबांचा शेवटचा शिष्य आणि गावच्या पाटलांचा पुतण्या. आज पुण्या-मुंबईत पेटीवाला म्हणून त्यांचं नाव आहे. बोलपटाचं संगीत त्यांचंच.

त्यांनी भाता फुगवला आणि मधली पट्टी दाबली. सूर निघालाच नाही, नुसता वारा निघाला. दादांनी दुसरी पट्टी दाबली, तिसरी दाबली, मग सगळी रांगच तळव्यानं दाबली. पेटी गाढ झोपलेल्या माणसासारखी श्वास टाकत राहिली.

कंपनीचा सामानवाला छगन पुढं झाला आणि त्यानं वरची फळी काढली. आत पितळेच्या सदतीस पट्ट्या असायला हव्या होत्या. पेटीवाले त्यांनाच सूर म्हणतात. त्या जागी एकही नव्हता, नुसती रिकामी घरं होती.

"चोरी झाली आहे," दिग्दर्शक रंगनाथराव म्हणाले. त्यांनी दुसऱ्या कुणाकडं नाही, छगनकडंच पाहिलं. लढाईपासून जर्मन सूर बाजारात मिळेनासे झाले होते, आणि आबांच्या पेटीत जर्मन सूर होते. हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

छगन खाली बसला. "सायेब, म्या काल फकस्त वरनं कपडा मारला."

"उद्या सकाळपर्यंत सूर आले नाहीत तर राहुरीहून फौजदार येईल," रंगनाथराव शांतपणे म्हणाले. "परवा विहिरीवरचा प्रसंग घ्यायचा आहे. तो मी पुढं ढकलणार नाही."

मला चोरीपेक्षा त्या विहिरीवरच्या प्रसंगाचीच भीती वाटत होती.

२

आबा पेटी वाजवायला बसले की आमच्या ख्रिस्ती देवळाबाहेर गाड्या थांबायच्या. आणि आबा प्यायचेही. दोनदा ते तमाशाच्या फडाबरोबर निघून गेले, दोनदा आईनं त्यांना परत आणलं. शेवटी ते पाटलांच्या विहिरीत सापडले. पिऊन जीव दिला असं ठरलं, म्हणून पाळकांनी त्यांना ख्रिस्ती कबरस्तानाच्या भिंतीबाहेर पुरलं. दर रविवारी आई भिंतीच्या आतल्या बाजूला उभी राहते. बाहेर जात नाही. "तो बाहेरचा न्हाई," म्हणते.

बोलपटाच्या शेवटी आबा दिवेलागणीला विहिरीच्या काठावर बसून पितात, एक गाणं वाजवतात आणि उडी टाकतात. त्या गाण्याची तबकडी निघालेली आहे. गहिनीदादांनी ते त्या संध्याकाळी स्वतःच्या कानानं ऐकलं म्हणे. आम्हाला हे पटकथा वाचून दाखवली तेव्हा कळलं. म्हणजे मला कळलं. वाचन सुरू होताच आई उठून शेरडाला पाला घालायला गेली होती.

मी रंगनाथरावांना विनवलं होतं. ते वाईट नव्हते. "दयाबाई, साक्षीदार आहे," एवढंच म्हणाले. एकदा पडद्यावर आलं की गावोगावची माणसं माझ्या बापाला दर खेळाला उडी टाकताना बघणार होती. माझी लेक मोठी होऊन बघणार होती.

छगनला फौजदाराच्या हवाली करणं मला पटेना. मी मरियाला कडेवर घेऊन त्याच्याकडं गेले. तो पडवीत गोणपाटावर बसला होता.

"पेटीजवळ कोण कोण एकटं होतं, छगन?"

"म्या हुतो. गहिनीनाथ सायेब हुते, परवा दुपारी घंटाभर. मास्तरांची आठवण आली म्हणले. आन् ते पाटील आलते, तुमी न्हानीत हुता तवा."

"काकासाहेब पाटील? आमच्या घरात?"

"दारातच उभं हुते. पेटी उघडली का, म्हून इचारलं. न्हाई म्हणलं तर गेले."

काकासाहेब पाटील तेरा वर्षांत आमच्या दारात आले नव्हते.

३

गहिनीदादा शाळेत उतरले होते. मी गेले तेव्हा ते खिडकीपाशी बोटं मोडत बसले होते.

"दादा, तुम्ही तासभर पेटीजवळ होता. खिटी काढली नाहीत?"

"धीर झाला नाही." ते पुण्याचं शुद्ध बोलत. "दया, तुला वाटतं मी गुरूचे सूर चोरीन?"

"नाही. पण पेटी मुकी निघाली तेव्हा तुम्ही सगळ्यांपेक्षा जास्त घाबरलात."

त्यांनी मरियाला खडीसाखर दिली. "ही पेटी शेवटी मी ऐकली आहे. तिच्यातून वारा निघावा, हे मला सहन झालं नाही."

"त्या संध्याकाळी किती वेळ वाजवत होते?"

"अर्धा तास. तो सूर, दया... मध्यमावर येऊन थांबले आणि मग पाणी वाजलं." सांगताना त्यांचे डोळे मिटले होते. एखादं पाठ झालेलं स्तोत्र म्हणावं तसं म्हणत होते.

"त्या वर्षी तुम्ही किती दिवस शिकत होता आबांकडे?"

"दिवाळीपासून. सहा महिनेही नाहीत. का?"

का, ते तेव्हा मलाच माहीत नव्हतं. सहज विचारलं होतं.

परत आले तर काकासाहेब पाटील आमच्या ओट्यावर बसलेले. पांढरा फेटा, हातात काठी. मी गुळाचा चहा ठेवते म्हटलं, तर नको म्हणून मान हलवली. आमच्या घरचं पाणी त्यांनी कधी घेतलं नव्हतं.

"पेटी रिकामी निघाली म्हनं."

"हो, पाटील."

"बरं झालं. जुन्या वस्तू उघडू न्हाईत. सिनेमावाले दोन दिसांनी जात्याल. तुला हितंच ऱ्हायचं हाय." त्यांनी मरियाकडं बघितलं. ती अंगणात काड्या गोळा करत होती. "पोरगी लई हिंडती. परवा माझ्या हिरीकडं दिसली. तिला कठडा न्हाई, म्हाईत हाय ना?"

"माहीत आहे."

"म्हंजी झालं," म्हणत ते उठले. जाताना काठीनं मरियाच्या काड्यांचा ढीग हळूच बाजूला सारला, वाटेत नव्हता तरी.

त्या दिवशी मी मरियाला माझ्या पदराशी बांधून भाकरी थापल्या.

४

ती जेवून झोपली तशी मी कोपऱ्यात पेटीसमोर बसले. दुपारचं ऊन कौलाच्या भोकातून बरोबर पेटीवर पडलं होतं. फळी बाजूला होती. मघाशी सगळ्यांनी रिकामी घरं बघितली होती. घरांत काय आहे ते कुणी बघितलं नव्हतं.

कुंभारीण माशीनं चिखलाची इवली इवली घरटी बांधली होती. तीन घरटी, रिकाम्या खोबणींत आडवी, एकमेकांना चिकटून. मी नखानं एक खरवडलं. माती विटेसारखी कडक झाली होती. आत पिलं कधीच उडून गेली होती, नुसती टरफलं राहिली होती.

सूर काल गेले असते तर कुंभारीण त्यांच्या जागेत घर बांधणार कधी? छगन सुटला. गहिनीदादाही सुटले. चोरी झाली असलीच, तर ती कित्येक वर्षांपूर्वी.

मी आणखी वाकून पाहिलं. पेटीच्या एका कोपऱ्यात कागदाची पुडी होती, दोऱ्यानं बांधलेली. सोडली तर आत पितळी स्क्रू, सगळे. एकाचंही डोकं खरचटलेलं नव्हतं. चोर असा वागत नाही. चोर घाईनं उचकटतो, स्क्रू हरवतो. इथं कुणीतरी निवांत बसून एकेक स्क्रू काढला होता आणि परत लावायचा म्हणून जपून ठेवला होता.

पुडीच्या कागदावर आबांचं अक्षर होतं. ईस्टरच्या पहाटे म्हणायच्या गीतांचे आकडे, आणि खाली 'चौतीस'.

मग मी भाता उघडून बघितला. एका कोपऱ्याला बकऱ्याच्या कातड्याचं ठिगळ. बाकीच्या भात्याला घड्यांच्या रेघा पडलेल्या, ठिगळावर एक रेघ नव्हती. ते लावल्यावर भाता हललाच नव्हता. आज सकाळी हलला तेवढाच.

ठिगळावर बोट ठेवून बसले असताना मला एकदम सूप आठवलं. मी सात वर्षांची. आईचं सूप ओसरीवर, त्यात पांढरं फडकं, फडक्यावर चकचकीत पितळेच्या रांगा. मी हात पुढं केला तर आबांनी तो धरला. त्यांच्या हाताला लिंबाच्या काडीचा वास होता.

"हात लावू नको, दये. सूर झोपलेत. परवा पहाटे उठवू."

मी मळ्याकडं धावत सुटले, मग आठवण झाली म्हणून परत येऊन झोपलेल्या मरियाला उचललं आणि पुन्हा निघाले.

५

आई बांधावर हरभऱ्याच्या पेंढ्या बांधत होती. चोरीचं मी तिला सांगितलंच नव्हतं. तिला धक्का बसेल म्हणून दाबून ठेवलं होतं. आता सांगितलं.

ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

"चोरी कसली गं. सूर माझ्यापाशी हायेत. कणगीच्या बुडाशी, मडक्यात."

"कधीपासून?"

"तो गेला तवापासून. उत्तम शुक्रवारी आपल्यात वाजवत न्हाईत. मग दोन दिस पेटी मोकळीच असती. तुझा बाप दरसाल त्या दिशी सूर काढायचा, पुसायचा, घासून लावायचा. पुनरुत्थानाच्या पहाटे पेटी नवी लागली पायजे म्हणायचा." तिनं पेंढीची गाठ आवळली. "त्या साली भाता बी फाटला हुता. पाटलाच्या हिरीवर मोट शिवायला चांभार बसला हुता. त्याच्याकनं ठिगळ लावून आणतो म्हणून रिकामी पेटी घेऊन गेला. उपास हुता त्याचा. पाणी सुदीक न्हाई."

"आणि दारू?"

"उपासाचे चाळीस दिस शिवला नव्हता. मी पाळकांना सांगितलं. ते म्हणले, बाई, तुला काय म्हाईत."

"आई, सूर सुपात होते ना त्या संध्याकाळी? नक्की?"

"त्याला हिरीतून काढला तवापासनं मी सूप पाखडायला न्हाई घेतलं, महिनाभर. तशेच हुते, मग मडक्यात घातले."

"मग आबा विहिरीवर वाजवत होते असं सगळे म्हणतात ते?"

आई पेंढी ठेवून माझ्याकडं बघत राहिली. "कोण म्हणतं?"

"तुला तेरा वर्षांत कुणीच सांगितलं नाही?"

"मला कोण सांगणार. बाप्यांनी बसून ठरवलं, मला एवढंच म्हणले, प्याला आन् बुडाला." तिचा आवाज अगदी खाली गेला. "कशावर वाजवत हुता म्हणं? सूर तर माझ्या ओसरीवर हुते."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदाराला निरोप जायच्या आत मी गहिनीदादांना घरी बोलावलं. कंपनीची माणसं विहिरीवर कॅमेऱ्याची जागा ठरवायला गेली होती. छगन त्यांच्यात डोक्यावर खुर्ची घेऊन होता, पाटलांना बसायला. मरिया पडवीत काड्यांचं घर करत होती.

आई चुलीपाशी होती. मी ओसरीवर सूप ठेवलं, त्यावर फडकं झाकलं होतं.

"दादा, ती संध्याकाळ पुन्हा सांगा. आईनं ऐकलेली नाही."

ते अवघडले, पण बोलले. अर्धा तास. मध्यमावर थांबले. पाणी वाजलं.

मी फडकं काढलं. तेरा वर्षांत पितळ काळवंडलं होतं, पण रांगा तशाच, खर्जापासून वरपर्यंत.

"हे तुमचे चोरीला गेलेले सूर. उत्तम शुक्रवारी सकाळी आबांनी स्वतः काढले. दरवर्षी काढायचे. जुन्या शिष्यांना हे माहीत होतं. तुम्ही दिवाळीत आलात, उत्तम शुक्रवार तुम्ही आमच्या घरात कधी पाहिलाच नव्हता. त्या संध्याकाळी पेटी विहिरीवर होती आणि सूर इथं होते. तुम्ही काय ऐकलं, दादा?"

ते सुपाकडं बघत राहिले. मग मी लहानपणी केला तसाच हात पुढं केला आणि मागं घेतला.

"कायबी न्हाई ऐकलं," ते म्हणाले. पुण्याचं बोलणं गळून गेलं होतं. "काय वाजलंच न्हाई."

आई उठून दारात आली.

"भाता लावून झाला. चांभार गेला. मास्तर काठावर बसले, दिस मावळायची वाट बघत. मला म्हणले, गहिनी, उपास सुटला की एक ओंजळ प्यायची. मावळला. पायऱ्यांनी खाली उतरले. माझ्या काकाची हीर. त्यांनी हात घातला पाण्यात. काका वरून बघत हुता. त्याच्या हातात आसूड हुता. दांडा हाणला. मास्तर घसरले, डोकं दगडावर. पण जित्ते हुते, काकू. पाण्यात हात मारत हुते."

"तू कुठं हुतास?" आईनं विचारलं.

"वर. मोटंचा दोर सोडला मी खाली. त्यांनी धरला. मी वढत हुतो. काका म्हणला, सोड. त्यानं पाणी बाटवलं, आता बोभाटा झाला तर तुझा बाप आन् मी दोघं जेलात जाऊ. सोड म्हणला. मी सोळा वर्षांचा हुतो."

चुलीतलं लाकूड फुटलं. कुणी तिकडं पाहिलं नाही.

"दारूचं काकानं सांगितलं मला, पाळकांपुढं बोलायला. पेटीचं मी घातलं. माझ्या मनानं." त्यांनी पहिल्यांदा आईकडं पाहिलं. "नुसता पिऊन मेला म्हणायला जीभ रेटंना. म्हणलं, वाजवत गेला म्हणावं. तेवढं तरी चांगलं ऱ्हाईल. मग लोक इचारायला लागले, काय वाजवत हुते. मग मी गाणं केलं. माझंच हाय ते. सगळे म्हणतात, असं गाणं योहान मास्तरांनाच सुचावं."

त्या चांगुलपणानंच ते सापडले होते. पेटीचं नाव घेतलं नसतं, नुसतं पाटलांचं खोटं सांगितलं असतं, तर मला कधीच कळलं नसतं.

"रविवारी देवळात उभा ऱ्हातो," ते म्हणाले. "सगळ्यांपुढं सांगतो. मास्तरांना भिंतीच्या आत घ्या म्हणून पाळकांना हात जोडतो."

"रविवार कशाला?" आई म्हणाली. रागानं नाही. एखाद्या पोराला आंघोळीला पाठवावं तसं. "सगळे आत्ता हिरीवर हायेत. तुझा काका बी हाय. हितनं दिसतंय."

दिसत होतं. उसाच्या पलीकडं कॅमेऱ्याची तिकाटी, छत्री, उजेड पाडायचे चमकणारे पत्रे. छत्रीखाली खुर्चीत पांढरा फेटा.

गहिनीदादा उठले. चपला घालायच्या राहिल्या, तसेच बांधावरून निघाले. आईनं पदर डोक्यावर घेतला आणि त्यांच्या मागं चार पावलांवर चालू लागली. मीही निघाले असते, पण पाटलांनी काड्या काठीनं सारल्या होत्या ते मला आठवलं. मी मरियाला उचलून घट्ट धरलं आणि ओट्यावर उभी राहिले.

लांबून काही ऐकू येत नव्हतं. दादा पोचलेले दिसले. रंगनाथराव त्यांच्याकडं वळले. दादा बोलत होते, हातानं विहिरीच्या पायऱ्या दाखवत होते. एकेक करून चमकणारे पत्रे खाली झाले. खांद्यावरचं सामान खाली ठेवून छगन ऐकत उभा राहिला. मग खुर्चीतला फेटा उठला आणि काठी वर झाली, आणि आई दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली. काठी तशीच वर राहिली. कुणी ती धरली नव्हती, पण ती खाली येत नव्हती.

मरियाचं तोंड माझ्या कानाशी होतं. ती मघापासून एक शब्द बोलली नव्हती. मला वाटलं होतं, काड्यांत रमली आहे.

"आई," ती म्हणाली, "त्या मामांना दोर लई जड झाला हुता का?"